थर्मोपॅकच्या धुरावरचं ५० किलोवॅटचं ओआरसी मशीन : वर्षभराचे रिडिंग आणि खरा हिशोब

आमचं इचलकरंजीत प्रोसेस हाऊस (कापड धुवायचा-रंगवायचा कारखाना) आहे, काकांनी सुरू केलेलं, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. २०२३ च्या दिवाळीच्या शटडाऊनला आम्ही थर्मोपॅकच्या, म्हणजे तेल तापवणाऱ्या भट्टीच्या, धुराच्या उष्णतेवर वीज करणारं मशीन बसवलं. तेव्हापासून ओळखीतले निदान दहा-बारा जण येऊन बघून गेले आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, परवडतं का. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. कंपनीचं नाव देणार नाही, कारण मशीन बनवलंय चांगलं आणि माणसंही वाईट नाहीत, प्रश्न कोटेशनमधल्या आकड्यांचा आहे आणि तसे आकडे मला नंतर इतर तीन कंपन्यांच्या कोटेशनमध्येही दिसले.

आधी आमचं काय आहे ते सांगतो नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. थर्मोपॅक तासाला ४० लाख किलोकॅलरीचा, जळण कोळसा आणि थोडं ब्रिकेट (भुशाच्या कांड्या). त्यावर दोन स्टेंटर (कापड ताणून वाळवणारी मशीन) चालतात. वेगळा स्टीम बॉयलर आहे, तो जिगर (कापड रंगवायचं मशीन), वॉशिंग आणि डाईंगसाठी. थर्मोपॅकचं तेल २४०-२५० डिग्रीला फिरतं, म्हणजे धूर त्याच्यापेक्षा गरमच बाहेर पडणार, आमच्याकडं २८० च्या आसपास. एअर प्रीहीटर (भट्टीत जाणारी हवा धुरावर तापवणारं उपकरण) होता पण ट्यूबा गंजून भोकं पडली म्हणून मागंच काढून टाकलेला. म्हणजे २८० डिग्रीचा धूर सायक्लोन, बॅग फिल्टर (राख अडवणाऱ्या कापडी पिशव्या) करत चिमणीतून वर, चोवीस तास, आणि बॅग जळू नयेत म्हणून वर त्यात बाहेरची थंड हवा मिसळायची. कोळशाचं बिल भरताना ते बघून जीव खरंच हळहळायचा. अजूनही ज्यांच्याकडं असं आहे त्यांनी एकदा चिमणीच्या तळाला थर्मामीटर लावून बघा.

तर मशीन. ओआरसी म्हणजे ऑर्गॅनिक रँकिन सायकल. औष्णिक वीज केंद्रात जे पाण्याच्या वाफेनं होतं तेच इथं, फक्त पाण्याच्या जागी गॅस, आमच्यात आर-२४५एफए आहे. हा गॅस साध्या हवेच्या दाबाला १५ डिग्रीलाच उकळतो, त्यामुळं ९० डिग्रीला त्याची १० बारच्या आसपास वाफ तयार होते. ती वाफ एक्सपांडरमधून जाते, एक्सपांडर म्हणजे स्क्रू कॉम्प्रेसरच पण उलटा फिरणारा. कॉम्प्रेसरला वीज देऊन आपण गॅस दाबतो, इथं दाबलेला गॅस पसरतो आणि स्क्रू फिरवतो, त्यावर जनरेटर. मग कंडेन्सरमध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्यानं गॅस थंड होऊन परत पातळ, पंपानं परत आत. ज्याला फ्रीज-एसीचं काम कळतं त्याला हे मशीन अर्ध्या तासात समजतं, आमचा एसीवाला पोरगा पहिल्या दिवशीच सगळं ओळखून बसला.

धूर थेट गॅसला भिडवत नाहीत. धुराच्या डक्टमध्ये फिनच्या ट्यूबांचा एक मोठा पेटारा बसतो, त्यातून दाबाखालचं पाणी फिरतं, ते ११५-१२० डिग्रीला तापून मशीनला जातं आणि ९५ च्या आसपास परत येतं. हा पेटारा आणि हे गरम पाणी लक्षात ठेवा, पुढं ह्याच्यावरच सगळी गोष्ट फिरलीये.

खर्च. मशीन ७५ लाख. धुरातला पेटारा, डॅम्पर, बायपास डक्ट मिळून १८ लाख. कूलिंग टॉवर, पंप, पाईपिंग, फाउंडेशन, शेड, सिंक्रोनायझिंग पॅनेल, केबल, परवानगीचा खर्च मिळून १७ लाख. एकूण १ कोटी १० लाख, जीएसटी सोडून. म्हणजे पाटीवरच्या ५० किलोवॅटनं भागलं तर किलोवॅटला २ लाख २० हजार. कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात फक्त ७५ लाख होते, बाकीचं ‘ग्राहकाच्या स्कोपमध्ये’ असं एका ओळीत. पहिली सूचना हीच, की स्कोपचं पान आधी वाचा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतः किंमत लावा.

कोटेशनचा हिशोब असा होता : ५० किलोवॅट, वर्षाला ८००० तास, युनिटला ९ रुपये, वर्षाला ३६ लाख, तीन वर्षांत पैसे वसूल. काकांना कागद दाखवला तर ते म्हणाले आपला थर्मोपॅक कधी फुल्ल चालतो रे? तेव्हा मी ते नीट ऐकलं नाही, आणि आज सांगतो, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

५० किलोवॅट कसे धरले होते ते नंतर मी स्वतः उलगडून बघितलं. थर्मोपॅक पूर्ण लोडवर धरला, धूर ३२० डिग्री धरला आणि तो १३० पर्यंत थंड करता येईल असं धरलं. तासाला ११ टन धूर, १९० डिग्रीचा फरक, म्हणजे साधारण ६३० किलोवॅट उष्णता, तिची ८-९ टक्के वीज, झाले ५०. गणित बरोबर आहे, धरलेल्या गोष्टी चुकीच्या. आमचा धूर २८० चा. आणि १३० पर्यंत खाली आणता येत नाही कारण कोळशात गंधक असतं, धूर फार थंड केला तर त्यातली आम्लाची वाफ ट्यूबवर बसते आणि ट्यूब खाते, आमचा जुना एअर प्रीहीटर असाच तर गेला होता. म्हणून १६० च्या खाली जायचं नाही हे आम्ही ठरवून टाकलं. मग उरला १२० डिग्रीचा फरक, पूर्ण लोडवर जवळपास ४०० किलोवॅट उष्णता. आणि थर्मोपॅक सरासरी ७० टक्के लोडवर चालतो, कापड हलकं असलं, एक स्टेंटर बंद असला की आणखी कमी. म्हणजे हातात सरासरी २८० किलोवॅट उष्णता. ६३० सांगितले होते, मिळाले २८०.

आता कार्यक्षमता. ह्यात कंपनीनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं आणि ह्यात कुणी काही करूही शकत नाही. कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८२४ सालीच सांगून ठेवलंय की उष्णतेतून काम काढायची कमाल मर्यादा ही गरम बाजू आणि थंड बाजू ह्यांच्या तापमानावर ठरते. आमची गरम बाजू ११५ डिग्री म्हणजे ३८८ केल्विन, थंड बाजू ३० डिग्री म्हणजे ३०३ केल्विन. फरक ८५, भागिले ३८८, म्हणजे २२ टक्के. ही देवानं घातलेली मर्यादा, प्रत्यक्ष मशीनला त्याच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के जमलं तरी ते चांगलं मशीन. आमचं ९ टक्के देतं. म्हणजे मशीन म्हणून मी त्याला पूर्ण मार्क देतो, कुणी जर तुम्हाला १२० डिग्रीच्या पाण्यातून १८-२० टक्के वीज काढून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आणि जी वीज तयार होते ती सगळी आपली नसते. हा मुद्दा मला फार जीव तोडून सांगायचाय. मशीनच्या स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो ग्रॉस, म्हणजे एकूण. मशीनचा स्वतःचा गॅसचा पंप वीज खातो, गरम पाण्याचा पंप खातो, कूलिंग टॉवरचा पंप आणि पंखा खातो, आणि धुराच्या वाटेत एवढा मोठा पेटारा आडवा बसवल्यावर आयडी फॅनला, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याला, जास्त जोर लावावा लागतो, त्याचा जो जादा लोड वाढतो तो तर कुणीच मोजत नाही. आम्ही दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना वेगळे मीटर लावले, आयडी फॅनचं आधीचं रिडिंग होतंच. २०२४ च्या दिवाळीला वर्ष भरलं तेव्हाचे आकडे : मशीन चाललं ७००० तास, ग्रॉस १ लाख ७८ हजार युनिट, पंप-पंखे वगैरेंनी खाल्ले ५२ हजार, नेट १ लाख २६ हजार. तासाला सरासरी १८ युनिट. पाटीवर ५० आणि हातात १८.

१८ युनिट साडेआठ रुपयांनी धरले तर तासाला १५३ रुपये, वर्षाला १० लाख ७० हजार. त्यातनं मेंटेनन्स, पाण्याची केमिकल, गॅसचं टॉप-अप, एएमसी (वर्षाचा देखभाल करार) मिळून अडीच-तीन लाख जातात. उरले आठ लाखाच्या आसपास. १ कोटी १० लाखाला आठ लाख. चौदा वर्षं लागतात, आणि त्यात व्याज धरलेलं नाही. सीएनं सांगितलं की ओआरसीला इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा मिळतो, तो मिळाला, त्यानं थोडा हात दिला पण चौदाचे तीन होत नाहीत.

तुलनेला एक गोष्ट सांगतो जी मशीन घ्यायच्या आधी कागदावर मांडायला पाहिजे होती. वर्षाला १ लाख २६ हजार युनिट छतावरच्या सोलरनं करायची तर आपल्याकडं किलोवॅटला वर्षाला १४०० युनिट धरून ९० किलोवॅट सोलर लागतं. त्याचा खर्च ४०-४५ लाख, फिरणारा एकही पार्ट नाही, गॅस नाही, टॉवर नाही. जागा लागते, ९ हजार स्क्वेअर फूट तरी, आणि चिमणीच्या शेजारी पॅनेलवर काजळी बसते ते धुवत राहावं लागतं. तरीही निव्वळ वीजच हवी असेल आणि छत मोकळं असेल तर ह्या साईझला सोलर जिंकतं.

चालवायचा अनुभव कसा, तर मशीन म्हणून शांत आहे. बटण दाबलं, पाणी तापलं की आपोआप सुरू होतं, फायरमनला वेगळं काही करावं लागत नाही. आवाज एअर कॉम्प्रेसरपेक्षा कमी. स्क्रूला वर्षात एकदाही हात लावला नाही. बंद पडलं ते सगळं आजूबाजूच्या गोष्टींनी.

पहिला त्रास काजळीचा. फिनवर राख आणि काजळी बसते आणि गरम पाणी १२० वरून हळूहळू १०८ वर येतं, वीज तिसऱ्या हिश्श्यानं उतरते आणि स्क्रीनवर काही फॉल्ट दिसत नाही, त्यामुळं कळतच नाही. आम्ही आठवड्याच्या सुट्टीला पेटारा उघडून साफ करायला लागलो तेव्हा ते सुधारलं. कोळशाऐवजी गॅसवर ज्यांचा थर्मोपॅक आहे त्यांना हा त्रास नाही, आणि गंधक नसल्यामुळं धूर आणखी थंडही करता येईल. फिनच्या ट्यूबांऐवजी साध्या ट्यूबा घेतल्या असत्या तर पेटारा मोठा झाला असता पण साफ करायला सोपा. कोळसावाल्यांनी हे कंपनीला आधी सांगावं, ते स्वतःहून बोलत नाहीत.

दुसरा पाण्याचा. हा इचलकरंजीवाल्यांना नीट सांगायलाच पाहिजे. शंभरातली नऊ वीज झाली, उरलेली एक्क्याण्णव उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडायची, आणि ती पाणी उडवूनच सोडली जाते. आमचा टॉवर दिवसाला ११-१२ हजार लिटर पाणी घेतो. ज्या गावात प्यायच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघतात तिथं हे पाणी कुठून आणणार हा प्रश्न नुसता पैशाचा नाही. आम्ही बोअरचं वापरलं तर दोन महिन्यांत कंडेन्सरला खार धरला, दाब वाढून मशीन ट्रिप व्हायला लागलं. आता आमच्याच आरओचं रिसायकल झालेलं पाणी देतो, ते चांगलं चालतं, पण त्या पाण्यालाही आपण वीज आणि पैसे घातलेलेच असतात.

हवामानाचा फरक बराच पडतो. जानेवारीच्या पहाटे टॉवरचं पाणी १९-२० डिग्री असतं तेव्हा मशीन ३१ किलोवॅट ग्रॉस दाखवतं, एप्रिलच्या दुपारी तेच २२. मला वाटलेलं पाऊस सुरू झाला की सुधारेल, पण पावसाळ्यात हवा दमट असते, टॉवरमधून पाणी उडतच नाही नीट, त्यामुळं जुलैलाही २२-२३ च. कमिशनिंग (मशीन पहिल्यांदा चालवून ताब्यात देणं) थंडीत झालं आणि टेस्ट रिपोर्टवर तेव्हाचाच आकडा आहे. तुम्ही घेणार असाल तर गॅरंटीचा आकडा जुलैच्या टॉवरच्या पाण्याचा लिहून घ्या.

तिसरा त्रास बिलाचा, आणि ह्याच्यात आम्ही दोन महिने डोकं लावत बसलो. मशीनला इंडक्शन जनरेटर आहे, तो स्वस्त आणि दणकट असतो पण लाईनमधून रिऍक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, नुसता बोजा टाकणारी वीज) ओढतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एचटीला (उच्चदाब ग्राहकांना) केव्हीएएच वर, म्हणजे ती वीजही धरून, बिलिंग आहे. म्हणजे आपले किलोवॅट कमी झाले तरी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामाचा वाटा) घसरला की बिलातलं युनिट तेवढं कमी होत नाही. पहिल्या दोन बिलांत आमच्या मीटरप्रमाणं जेवढं वाचायला हवं होतं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं कुठंतरी गळत होतं. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियननं शोधलं, एपीएफसी पॅनेलला (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) २५ केव्हीएआरचे कपॅसिटर वाढवले तेव्हा बिल जागेवर आलं. खर्च किरकोळ होता पण कमिशनिंगलाच सांगायला काय हरकत होती.

डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जास्त लोडवरचा आकार, कमी होईल असंही सांगितलं होतं, ते धरूच नका. महिन्यात एकदा जरी लोड जास्त असताना मशीन ट्रिप झालं तर त्या वेळची डिमांड मीटरला चढते आणि महिनाभराची बचत गेली. आमच्याकडं बारापैकी दोनच महिने डिमांड खरोखर खाली आली. आणि लाईट गेली की मशीनही बंद पडतं, ते एकटं चालू शकत नाही, त्यामुळं जनरेटर सेटच्या जागी हे अशी कुणाची समजूत असेल तर ती काढून टाका.

सर्व्हिस. माणूस पुण्याहून येतो, साधारण दुसऱ्या दिवशी, बोलायला-वागायला चांगला, काम येतं त्याला. पण पार्ट नसतो. एकदा गॅसचा लेव्हल सेन्सर गेला, एवढासा पार्ट, १९ दिवस मशीन उभं. तेव्हापासून आम्ही सेन्सर आणि पंपाचं सील स्वतःकडं ठेवतो. गॅस वर्षात ६ किलो टाकला. आर-२४५एफए हवेत गेला तर कार्बन डायऑक्साईडच्या शेकडो पटीनं वातावरण तापवतो, त्यामुळं गळतीकडं दुर्लक्ष करू नका, प्रत्येक जोडाला डिटेक्टर लावून बघा. आता नवीन मशीन आर-१२३३झेडडी नावाच्या गॅसवर येतात, त्याचा हा परिणाम नगण्य आहे. घ्यायचंच असेल तर तोच गॅस मागा.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

आमच्याकडं थर्मोपॅकवर एक मामा आहेत, वीस वर्षं झाली फायरिंगला. मशीन लागलं त्याच महिन्यात त्यांनी मला विचारलेलं, साहेब हे पाणी एवढं उकळतंय आणि तिकडं वॉशिंगला आपण स्टीम सोडून पाणी तापवतोय, हे तिकडं द्या की. मी म्हटलं मामा ह्याची वीज होणारे. ते गप्प बसले. आणि मी वर्षभर ते बोलणं डोक्यात घेऊन फिरलो, कारण आकडे मांडले तर ते शंभर टक्के बरोबर होते.

बघा. तीच २८० किलोवॅट उष्णता. तिची वीज केली तर हातात १८ किलोवॅट, तासाला १५३ रुपये. तीच उष्णता एका प्लेट हीट एक्स्चेंजरमधून सॉफ्ट पाण्याला दिली तर तासाला ५ हजार लिटर पाणी ३० डिग्रीवरून ७५ वर जातं. हे पाणी आपल्याला लागतंच, वॉशिंगला, सोपिंगला, जिगरला, आणि आज ते आपण बॉयलरची स्टीम घालून तापवतो. आमचा बॉयलर स्टीम लाईनचे लॉस धरून ७२-७३ टक्क्यांनी चालतो, म्हणजे ती २८० किलोवॅट स्टीमनं द्यायची तर ३८० किलोवॅटचा कोळसा जाळावा लागतो, तासाला ६५-६६ किलो. आठ रुपये किलोनं सव्वापाचशे रुपये. एका बाजूला १५३ रुपये तास, दुसऱ्या बाजूला सव्वापाचशे. आणि प्लेट हीट एक्स्चेंजर, इन्सुलेटेड टाकी, पंप, पाईप सगळं मिळून खर्च आला साडेपाच लाख. कूलिंग टॉवर नाही, गॅस नाही, एक्स्पर्ट नाही, परवानगी नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या शटडाऊनला आम्ही हे करून घेतलं. आता गरम पाणी आधी वॉशिंगला जातं, टाकी भरली आणि मागणी नसली की तीन तोंडांचा व्हॉल्व्ह ते मशीनकडं वळवतो. दिवसाला साधारण चौदा तास पाणी वॉशिंगला लागतं, उरलेले दहा तास, जास्त करून रात्रीचे, मशीन चालतं. रात्री टॉवरचं पाणी थंड असतं त्यामुळं त्या दहा तासांत मशीनही बरं चालतं. बॉयलरचा कोळसा दिवसाला ९०० किलोच्या आसपास कमी झाला, साडेपाच लाख अडीच-तीन महिन्यांत फिटले. पेटाऱ्याचे १८ लाख धरले तरी वर्षाच्या आत.

म्हणजे धुरातून उष्णता काढणारा पेटारा ही आमची अत्यंत चांगली खरेदी होती आणि त्याला जोडलेलं ७५ लाखाचं मशीन ही घाईची. पेटाऱ्याला मी ५ पैकी ५ देतो. मशीनला बनावटीचे ४, आमच्यासारख्या जागी घ्यायच्या निर्णयाला दीड.

ज्यांना गरम पाण्याची गरजच नाही त्यांनी एअर प्रीहीटर बघावा. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) पुस्तकात साधा नियम दिलाय, धूर २२ डिग्रीनं थंड केला की इंधन १ टक्का वाचतं. २८० चा १६० केला तर साडेपाच टक्के कोळसा, आमच्या लोडला वर्षाला २८० टनांच्या पुढं. तेही विजेपेक्षा दुप्पट फायद्याचं आहे.

मग ओआरसी किंवा धुरावरची वीज कुठंच घेऊ नये का? तसं अजिबात नाही. जिथं उष्णता खूप आहे, खूप गरम आहे, सतत आहे आणि ती उष्णता म्हणून वापरायला शेजारी काहीच नाही, तिथं वीजच करावी. सिमेंटच्या भट्टीत प्रीहीटरमधून ३०० डिग्रीच्या पुढचा वायू चोवीस तास, प्रचंड प्रमाणात येतो, तिथं टनभर क्लिंकरमागं (दळण्याआधीचं भाजलेलं सिमेंट) २५-३५ युनिट वीज मिळते आणि कारखान्याची जवळपास पाव गरज भागते. स्पंज आयर्नच्या (कच्च्या लोखंडाच्या) कारखान्यांत, चंद्रपूरकडं आहेत तसल्या, भट्टीतून ९०० डिग्रीचा वायू निघतो, तिथं सरळ बॉयलर आणि स्टीम टर्बाईन लावतात, दिवसाला १०० टनाच्या भट्टीवर २ मेगावॅट निघतात. गरम बाजू वर गेली की कार्नोची मर्यादाही वर जाते आणि मशीन मोठं झालं की किलोवॅटचा खर्च निम्म्यावर येतो. आमच्या २ लाख २० हजाराच्या जागी तिथं किलोवॅट लाख-सव्वा लाखात बसतो. त्यामुळं सिमेंटवाल्यांचे तीन-चार वर्षांचे हिशोब खरे असतात, तेच कागद इचलकरंजीत आणून दाखवले की खोटे होतात.

मध्यंतरी एकजण थर्मोइलेक्ट्रिकच्या पट्ट्या घेऊन आला होता, चिमणीला चिकटवायच्या आणि वीज घ्यायची, फिरणारं काही नाही. बिस्मथ टेल्युराईडच्या असतात त्या, सेन्सरला किंवा एखाद्या पंख्याला वीज द्यायला उत्तम आहेत. पण पाच टक्क्यांच्या पुढं जात नाहीत आणि अडीचशे डिग्रीच्या वर खराब होतात. प्रोसेस हाऊसचं लाईट बिल त्यावर कमी करायचा विचार सोडून द्या.

कोणी कोटेशन हातात घेऊन बसला असेल तर सही करायच्या आधी एवढं करा. एक महिना धुराचं तापमान आणि थर्मोपॅकचा खरा लोड दर तासाला लिहून काढा, फायरमनला एक वही द्या आणि त्याला का लिहायचं ते समजावून सांगा. कंपनीकडून नेट युनिटची गॅरंटी मागा, आयडी फॅनचा जादा लोड धरून, आणि पेमेंटचे शेवटचे २० टक्के त्याला बांधा. आम्ही १० टक्के ठेवले होते आणि तेही ग्रॉसच्या आकड्यावर, त्यामुळं थंडीतल्या टेस्टमध्ये ते सुटून गेले.

मामांची वही आमच्याकडं आता रोज भरली जाते, गरम पाण्याची टाकी किती वाजता भरली आणि व्हॉल्व्ह किती वाजता मशीनकडं वळला हेही त्यात असतं. येत्या शटडाऊनला दुसरी टाकी बसवतोय, १५ हजार लिटरची, म्हणजे रात्रीचं पाणीही सकाळच्या पाळीला साठवता येईल. मग मशीन दिवसाला सातेक तासच चालेल. ज्यांना कुणाला प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी रविवार सोडून या, पेटारा बघायचा असेल तर मात्र रविवारीच या, तेव्हाच तो उघडा असतो.